दोन बिस्किटं आणि चोवीस कहाण्या

श्रावणात रोज एक कहाणी सांगायची, आणि ती ऐकायला उपाशीपोटी एक माणूस समोर बसलेला हवा, असं माझं व्रत आहे. देवदत्त आठ महिन्यांचा असताना त्याला न्यूमोनिया झाला होता. डॉक्टर त्यांचं काम करत होते, मी माझं केलं. देवापुढे मूठभर तांदूळ ठेवले आणि म्हटलं, हा वाचू दे, मी आहे तोवर श्रावण चुकवणार नाही. तो वाचला. आज इंजिनियर आहे, टक्कल पडायला लागलंय. छत्तीस वर्षांत माझा एक दिवस चुकलेला नव्हता.

साताऱ्यात उपाशी माणसाला काय तोटा? कोणाचा सोमवार, कोणाचा शनिवार, शेजारच्या उल्काचा तर रोजच काही ना काही असायचा. पंचाईत झाली ती अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आल्यावर. सूनबाई हिमानीच्या बाळंतपणासाठी मी २००५च्या जुलैत आले. तिला आठवा लागलेला, म्हणजे तिला उपाशी बसवायचा प्रश्नच नाही. पहिले पाच दिवस देवदत्तने ऐकली. खांद्याला लॅपटॉपची बॅग, मुठीत अक्षता, डोळा घड्याळावर. सहाव्या दिवशी त्याला ऑफिसने टेक्सासात अर्विंगला पाठवलं, थेट श्रावण संपेपर्यंत.

"आई, फोनवर सांग ना," तो विमानतळावरून म्हणाला. "मी इकडे उपाशी राहतो. प्रॉमिस."

"आणि अक्षता कोण धरेल? फोन?"

"अगं यार, आई!"

"यार मित्राला म्हणतात. गाडी हळू चालव."

मग मी मागच्या डेकवर, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्यावर गेले. तिथे हिमानीने कुंडीत तुळस लावली आहे. म्हटलं, तुळशीबाई, आज तुम्हीच ऐका. तुम्ही तर कधीच खात नाही. पाट मांडला, तुळशीच्या मुळाशी अक्षता ठेवल्या आणि सुरुवात केली. पण निम्म्यावर आवाजच फुटेना. समोर हुंकार देणारं कोणी नसलं की कहाणी पुढे सरकत नाही हो. मी थांबले.

तेवढ्यात शेजारच्या डेकमधल्या आडोशाच्या लाकडी फळीपलीकडून आवाज आला, "मग? पुढे?"

पाहिलं तर एक म्हातारे गृहस्थ फळीवरून डोकावत होते. उंच, पांढऱ्या भुवया कपाळावर चढलेल्या, अंगात बाह्या विटलेला स्वेटर. ऑगस्टमध्ये! ते इंग्रजीत बोलत होते, मी इथे मराठीत लिहिते आहे. साताऱ्यात मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवल्यामुळे इंग्रजी मला समजतं. बोलताना जरा अडखळते, एवढंच.

"तुम्हाला माझी भाषा येते?" मी विचारलं.

"एक शब्द नाही. पण तुम्ही अशा ठिकाणी थांबलात की मला चहा जाईना."

मी त्यांना सगळं सांगितलं. व्रत, उपाशी माणूस, अक्षता. त्यांनी गंभीरपणे ऐकून घेतलं.

"मी काही खाल्लेलं नाही," ते म्हणाले. "चहा चालतो?"

सासूबाईंचा नियम मला पाठ होता. चहा म्हणजे काही खाणं नव्हे. "चहा चालतो," मी म्हटलं.

"मग मी उपाशी आहे." आणि ते फळीला वळसा घालून आले, स्वेटर झटकून पाटावर बसले. गुडघ्यांनी जरा कुरकुर केली.

परक्या धर्माचा माणूस चालेल का, असं क्षणभर मनात आलं. मग म्हटलं, कहाण्यांमधल्या बायकांना जे श्रोते रस्त्यात भेटतात ते तरी कुठे नात्यागोत्याचे असतात? मी त्यांच्या मुठीत अक्षता दिल्या आणि पहिल्यापासून सांगितलं.

त्यांचं नाव लायनेल पेनहॅलो. शेजारी राहणारी रोझमंड त्यांची मुलगी. बायको गेल्यावर तिने त्यांना इंग्लंडहून इकडे आणलं होतं. शहात्तर वर्षांच्या माणसाला नावाने कशी हाक मारू? मी 'भाऊ' म्हणायला लागले. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. दुसऱ्या दिवशी स्वतःच फळीपलीकडून ओरडले, "भाऊ इज हिअर!"

हिमानीने कॉम्प्युटरवर त्यांचं नाव टाकलं आणि पोट धरून हसली. "अहो आई, तुम्ही कोणाला पाटावर बसवलंय माहितेय? हे कंपोझर आहेत. मोठे! दोन सिम्फनी आहेत यांच्या नावावर."

"गातात का?"

"नाही. ते लिहितात आणि बाकीचे ऐंशी जण वाजवतात."

"म्हणजे स्वयंपाक एकाने लिहायचा आणि ऐंशी जणांनी करायचा. चांगलं आहे."

पुढे आमचा रिवाजच पडला. माझी कहाणी झाली की अक्षता तुळशीला, आणि मग भाऊंची कहाणी. ते कॉर्नवॉलचे. इंग्लंडचं ते खालचं टोक मी अठ्ठावीस वर्षं नकाशात छडीने दाखवलं होतं, पण तिथून एखादा माणूस उठून आपल्या पाटावर येऊन बसेल हे काही सुचलं नव्हतं. वडील बेकरीवाले. पहाटे पाव भाजायचे आणि रविवारी गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचे. घंटा एक नाही, सहा. प्रत्येकीला दोर, दोराला एक माणूस. गाणं वाजवायचं नाही, फक्त घंटांचा क्रम दरवेळी बदलायचा. पाच हजार चाळीस वेळा. सुरू झालं की जवळजवळ तीन तास कोणी थांबायचं नाही.

"थांबलं तर?"

"तर सगळं फुकट. आधीचं एकही मोजलं जात नाही."

"अगदी आमच्यासारखंच!" मला फारच बरं वाटलं. त्यांच्या धर्मातही काही शिस्त आहे म्हणायची.

मग स्कॉलरशिप मिळवून लंडन. तिसाव्या वर्षी पहिली सिम्फनी. पेपरात एकाने लिहिलं, 'श्री. पेनहॅलो यांचं संगीत संपत नाही, नुसतं निघून जातं.' भाऊंना ते वाक्य अजून पाठ होतं. नंतर रेडिओच्या नाटकांना संगीत दिलं, चर्चच्या मुलांसाठी शंभरेक गाणी केली, पंचावन्नाव्या वर्षी दुसरी सिम्फनी लिहिली. तीही निघूनच गेली. त्यांची बायको अ‍ॅग्नेस व्हायोला वाजवायची, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण. ती म्हणे कागद मिटून म्हणायची, "लायनेल, कधीतरी संपवायचंही असतं."

आता इथल्या एका कॉलेजच्या ऑर्केस्ट्राने त्यांना वीस मिनिटांचं काहीतरी लिहायला सांगितलं होतं. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, लेबर डेच्या सुट्टीत, तळ्याकाठच्या पार्कमध्ये वाजणार होतं. एकोणीस मिनिटं तयार होती.

"आणि विसावं?"

"विसावं गेली सेहेचाळीस वर्षं येत नाहीये."

ते वहीत माझ्या आवाजाच्या रेघा काढायचे. कुठे चढतो, कुठे उतरतो, मी श्वास कुठे घेते. मला लाजल्यासारखं व्हायचं. दुपारी भिंतीपलीकडे पियानो वाजायचा, आणि हिमानी सोफ्यावरून हाक मारायची, "आई, ऐका! तुमची शुक्रवारची कहाणी वाजतेय. ती सवाष्ण आत्ता दारात आली बघा!"

असे सतरा दिवस छान गेले.

श्रावणाच्या तेविसाव्या दिवशी, म्हणजे रविवारी, मी नारळीभात केला होता. म्हटलं, कहाणी झाली की भाऊंना देऊ, पातेलं आधीच त्यांच्याकडे ठेवावं. मी रोजच्यापेक्षा पंधरा मिनिटं लवकर त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. भाऊ टेबलापाशी बसलेले. समोर कपात चहा. हातात बिस्किट, अर्धं भिजलेलं. दुसरं बशीत, आपली पाळी येण्याची वाट बघत.

"भाऊ, हे काय?"

"चहा," ते प्रसन्नपणे म्हणाले.

"आणि हे?"

त्यांनी हातातल्या बिस्किटाकडे असं बघितलं, जणू ते तिथे आहे हे त्यांना आत्ताच कळलं. "हे चहातलंच. तुम्ही म्हणालात ना, चहा चालतो?"

"रोज?"

"रोज दोन. सत्तर वर्षं. आमच्याकडे नुसता चहा कोणी..." आणि ते थांबले, कारण मी पातेल्यासकट खुर्चीवर बसले होते. "हे खाणं नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं. "कपाला बशी असते, तसं हे."

मी रागावले नाही. राग कोणावर करणार? चूक माझीच. चहा चालतो म्हणताना त्यांच्या देशात चहाबरोबर काय काय येतं, हे भूगोलाच्या बाईने विचारायला नको? पातेलं तिथेच ठेवून मी घरी आले.

सहाव्या दिवसापासून, आजची राहिलेली धरून, अठरा कहाण्या वाया. छत्तीस वर्षं, आणि तडा गेला तो दोन बिस्किटांनी. मी बोलले होते ते देवदत्तच्या जिवासाठी, आणि देवदत्त तिकडे रोज फ्रीवेवर. मन चिंती ते वैरी न चिंती. दुपारी मी त्याला फोन लावला.

"आई, मी ड्राइव्ह करतोय, नंतर बोलू?"

"आधी बाजूला घे गाडी!"

त्याने खरंच घेतली. सगळं ऐकून तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार. "अगं, एका बिस्किटाने काय होतं?"

"दोन. रोज. अठरा दिवस."

"मग छत्तीस बिस्किटं. छत्तीस वर्षांना छत्तीस. झाली फिटंफाट."

"चेष्टा करू नकोस. कधी येतोस?"

"शनिवारी दुपारी लँड होतो. पक्का येतो, आई."

शनिवार म्हणजे अमावास्या, श्रावणाचा शेवटचा दिवस. तो दारात येऊन उभा राहीपर्यंत माझा जीव टांगलेला राहणार होता.

हिमानी म्हणाली, "आज मी राहते उपाशी. बाळाला सांगते समजावून." मी तिच्यापुढे वरणभात ठेवला आणि खाईपर्यंत उठले नाही. मग इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पुरुषोत्तमकाकांना फोन केला. ते रिटायर्ड हार्ट सर्जन, आता मंडळाच्या पूजा सांगतात. म्हणाले, "काकू, भाव शुद्ध होता ना? देव काय बायोप्सी करतो?" सगळे मला सूट द्यायला बसले होते. पण सूट मला नको होती, व्रत हवं होतं.

सोमवारी सकाळी सातला डेकवर गेले तर भाऊ पाटावर येऊन बसलेले. चेहरा उतरलेला.

"आज चहाही नाही," ते म्हणाले. "माझ्या मुलीला विचारा. मी तिच्यावर दोनदा खेकसलो."

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी तोवर सांगितली नव्हती. चौदा वर्षांचे असताना घंटेच्या मनोऱ्यात एक माणूस आजारी पडला, म्हणून वडिलांनी त्यांना दोर दिला. अडीच तास सगळं बरोबर चाललं. शेवटची दहा मिनिटं राहिली, आणि खालून बेकरीतल्या पावाचा वास आला. पोटात भूक. लक्ष गेलं, हात चुकला. सहाही घंटा एकमेकींवर आपटल्या.

"वडील काय म्हणाले?"

"काही नाही. फक्त म्हणाले, मधून जोडता येत नाही, पहिल्यापासून. पुढच्या रविवारी त्यांनी पहिल्यापासून केलं. पण मला न घेता." त्यांनी तळहात पुढे केला. "तुमचे किती दिवस राहिले?"

"आज धरून सहा."

"आणि कहाण्या?"

"अठरा वाया गेलेल्या, सहा नेमाच्या. चोवीस."

"रोज चार," ते म्हणाले. "घंटांच्या मानाने काहीच नाही. द्या तांदूळ."

वाराची कहाणी वारीच सांगावी, हे मला ठाऊक आहे. पण अडल्या वेळी वार वाकतो, माणूस वाकत नाही, असं सासूबाई म्हणायच्या. म्हणायच्या असं मला त्या सकाळी तरी वाटलं.

चार कहाण्यांना दीड तास लागायचा. तिसरीला भाऊंचं पोट बोलायला लागायचं. "माफ करा, सेकंड व्हायोलिन," ते म्हणायचे. चौथीला हुंकाराचा नुसता श्वास उरायचा. पण मूठ सुटली नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. वीस झाल्या. विसावं मिनिट मात्र कागदावर आलं नव्हतं. शुक्रवारी रोझमंड मला फळीवरून म्हणाली, "ते म्हणतात, उद्या बहुतेक एकोणीसच वाजतील."

शनिवारी सकाळी पाट मांडला आणि पाहते तो तुळशीच्या कुंडीला चिठ्ठी. 'दुपारी पावसाचा अंदाज. कार्यक्रम अकराला ओढलाय, रिहर्सल सातला. खाल्लं नाही. तांदूळ घेऊन या. भाऊ.'

"आई, बसा गाडीत," हिमानी म्हणाली. नववा लागलेला, स्टिअरिंग पोटाला टेकत होतं.

"तू नको चालवूस गं."

"मग कोण? तुळस?"

मांडीवर पूजेचं तबक आणि तांदळाचा डबा घेऊन मी पार्कमध्ये उतरले तेव्हा नऊ वाजले होते. वाजवणारी मंडळी गवतावर बसून डोनट खात होती. भाऊ स्टेजच्या मागे घडीच्या खुर्चीवर एकटे, पांढरेफटक. एक मुलगी त्यांना कॉफी घ्या म्हणून विनवत होती आणि ते मान हलवत होते.

"आलात!" ते म्हणाले. "मघाशी मी एका डोनटवर बसलो. तो चुकून तोंडात जाऊ नये म्हणून."

मी हसले नाही. मुठीत अक्षता दिल्या आणि सुरू केलं. आमच्या बाजूला तांब्याच्या घंगाळासारखे चार मोठे ढोल होते, त्यांचं कातडं आभाळाकडे ताणलेलं. ते वाजवणारी ठेंगणी बाई, तिचं नाव ग्रेटा, तिथेच उभी राहून ऐकायला लागली. पहिली झाली. दुसरी झाली. लोक खुर्च्या घेऊन यायला लागले. तिसरी झाली. चौथीला मी घाई केली नाही. छत्तीस वर्षांत केली नव्हती, आता का करू? शेवटचा शब्द नेहमीसारखा खाली उतरवून ठेवला आणि हात जोडले.

भाऊ अक्षता द्यायला उठले, आणि त्यांना घेरी आली. मी आणि ग्रेटाने धरलं, पण मूठ उघडली. सगळ्या अक्षता शेजारच्या ढोलावर पडल्या.

असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तडतड नव्हे. दाणे उडाले, पुन्हा पडले, त्याहून हळू उडाले, आणि एकेक करत थांबले.

"माझ्या ढोलाला कुंकू!" ग्रेटा किंचाळली. कातड्यावर लाल ठिपके उठले होते.

भाऊ मात्र खुर्चीत बसून त्या ढोलाकडे बघत होते. "संपलं," ते म्हणाले. मी घाबरले. मग त्यांनी वही मागितली.

"आधी काहीतरी खा!" मी ओरडले. उभ्या जन्मात कोणावर ओरडले नसेन.

त्यांनी एका हाताने केळं खाल्लं आणि दुसऱ्या हाताने लिहिलं. मी ढोलावरच्या अक्षता दाणा दाणा वेचल्या. ग्रेटा म्हणाली, "राहू देत, कार्यक्रमात लागतील." मी म्हटलं, "ह्या देवाच्या. वाजवायला हे घ्या," आणि डब्यातले कोरे तांदूळ तिच्या वाटीत ओतले. तिला फरक कळला की नाही कोण जाणे, पण वाटी तिने दोन्ही हातांनी घेतली.

अकराला सुरू झालं. मला त्यातलं कळत नाही, खोटं कशाला सांगू? पण मधेच व्हायोलिनच्या त्या थोरल्या बहिणी एकदम माझ्यासारखा श्वास घेऊन थांबल्या, आणि हिमानीने माझा हात दाबला. घंटा होत्या, समुद्र होता, मग सगळं हळूहळू खाली उतरलं. शेवटी ग्रेटाने ओंजळ ढोलावर धरली आणि सोडली.

दाणे उडाले. पडले. थांबले.

कोणीच टाळी वाजवेना. संपलं की अजून आहे, हे तीन-चारशे लोकांना कळत नव्हतं. भाऊ पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेले. मला कळलं होतं, पण मी गर्दीत बोलणारी नव्हे. मी फक्त हात जोडले.

आणि मागून, खुर्च्यांच्या पार मागून, एक ओळखीचा आवाज खणखणीत आला. "झाली का गं कहाणी? वाढ आता!"

लहानपणी श्रावणात रोज हेच ओरडायचा. वळून पाहिलं तर देवदत्त. हातात चाकांची बॅग, शर्ट चुरगळलेला. फ्लाइट बदलून लवकर आला होता, घराला कुलूप पाहून दारावरच्या हिमानीच्या चिठ्ठीवरून थेट इकडे.

भाऊंना शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. ते उभे राहून वळले आणि हसायला लागले. मग सगळे हसले, आणि मग टाळ्या. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मोजायचं ते सगळं माझं मोजून झालं होतं.

देवदत्त पुढे आला, वाकून पाया पडला. मी त्याच्या टकलावरून हात फिरवला. गरम होतं, नीट होतं.

"हाच का तो ज्याच्यासाठी?" भाऊंनी विचारलं.

"हाच."

"वर्थ इट," ते म्हणाले आणि स्वेटरच्या खिशातून कागदात गुंडाळलेला पुडा काढला. दोन बिस्किटं. एक त्यांनी देवदत्तला दिलं, दुसरं मोडून निम्मं माझ्यापुढे धरलं. मीही सकाळपासून उपाशीच होते.

मी ते हातात घेतलं. मग पुड्याचा कागदही मागून घेतला, चष्मा लावला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचायला लागले.

"आई, काय शोधतेस?"

"अंडं नाही ना ते बघते."

भाऊ हातातलं अर्धं बिस्किट तसंच धरून थांबले. माझं वाचून होईपर्यंत त्यांनी ते तोंडात घातलं नाही.

अंडं नव्हतं.